उलट्या बाजूने भरलेली नक्षी

बाई म्हणाल्या, "खाली वाकून बघू नकोस. हाताला कळू दे."

चौकटीवर ऑर्गंझाचं कापड इतकं ताणून बसवलं होतं की बोटानं टिचकी मारली तर ते वाजायचं. माझा उजवा हात कापडाच्या वर, डावा खाली. उजव्या हातात लाकडी मुठीची सुई आणि तिच्या टोकाला माशाच्या गळासारखा, पण केसाएवढा बारीक आकडा. डाव्या हातात दोरा, आणि त्या दोऱ्यात आधीच ओवून ठेवलेल्या टिकल्या. सुई वरून टोचायची, खालून एक टिकली सरकवत आणून कापडाच्या पोटाला लावायची, दोरा आकड्यावर चढवायचा, मूठ अर्धी फिरवायची आणि सुई वर घ्यायची. वर येतो तो साखळीचा एक दुवा. टिकली खालीच राहते. तासभर काम केलं तरी डोळ्यांसमोर असते ती फक्त दोऱ्याची साधी साखळी. चमक, रंग, नक्षी सगळं कापडाच्या पलीकडे.

या पद्धतीला फ्रान्समध्ये 'क्रोशे द ल्युनेविल' म्हणतात. यातला क्रोशे आपल्या घरात केव्हाच येऊन बसलेला आहे. टेबलावरचे, रुखवतातले क्रोशाचे रुमाल विणणाऱ्या कित्येक आज्यांना तो शब्द मराठीच वाटत असेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ छोटा आकडा. आणि ल्युनेविल हे फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लॉरेन प्रांतातलं, नान्सी शहराजवळचं एक गाव.

फ्रेंच भरतकाम म्हटलं की शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेली 'फ्रेंच नॉट' आठवते. सुईला दोऱ्याचे वेढे घ्यायचे, सुई खाली घालायची आणि कापडावर फुलाच्या केसरासारखी गाठ उभी करायची. पण या नावाखाली फ्रान्समध्ये बरंच काही नांदतं. समुद्रकाठच्या रॉशफोर गावात सोन्याच्या तारेचं भरतकाम टिकून आहे. फ्रेंच अकादमीचे सदस्य आजही समारंभाला जो गडद रंगाचा कोट घालतात, त्यावर हिरव्या-सोनेरी ऑलिव्हच्या फांद्या भरलेल्या असतात, आणि ही प्रथा 1801 पासूनची आहे. लॉरेनच्या खेड्यांत पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरायचे. या सगळ्यांत मी आकड्याच्या मागे लागले त्याचं कारण असं, की त्याची गोष्ट सुरू होते आपल्या बाजूला.

चांभार चामड्याला भोक पाडायला जे हत्यार वापरतो त्याला मराठीत आरी म्हणतात. गुजरात आणि कच्छमधल्या मोची कारागिरांनी त्याच आरीच्या टोकाला बारीक खाच देऊन तिच्यानं भरतकाम सुरू केलं. चामड्यावर चालणारा हात कापडावर आला. त्यांचा टाका म्हणजे साखळी टाका, पण सुईनं घालतो तसा नव्हे. दोरा कापडाच्या खालून यायचा आणि आरी तो भराभर वर उचलत जायची. सुईला प्रत्येक टाक्याला पूर्ण दोरा आरपार ओढावा लागतो. आरीला फक्त एक फास उचलायचा असतो. त्यामुळे वेग कितीतरी वाढतो आणि रेघ लिहिल्यासारखी वळते. सतराव्या शतकात गुजरातेतली असली साखळी टाक्याची पलंगपोस आणि पडदे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात जात होते. कापड आधी गेलं, हत्यार मागाहून. अठराव्या शतकाच्या मध्यावर ते फ्रान्समध्ये पोहोचलं. या प्रवासात चीनचाही वाटा असल्याचं काही अभ्यासक म्हणतात, पण भारतीय आरीचं नाव त्यात अग्रक्रमानं येतं.

फ्रान्समध्ये त्या कामाला नाव मिळालं 'ताँबूर', म्हणजे ढोल किंवा डफ. कापड गोल कडीवर ढोलाच्या चामड्यासारखं ताणायचं म्हणून. दरबारी स्त्रियांना त्याचं वेड लागलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मादाम द पाँपादूर यांचं एक मोठं चित्र आहे. चित्रकार फ्राँस्वा-युबेर द्रुए यांनी ते 1763 मध्ये सुरू केलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण केलं. ते पुरं होण्याआधीच पाँपादूर बाई वारल्या होत्या. पंधराव्या लुईच्या दरबारातली ही सर्वांत प्रभावी स्त्री चित्रात भरतकामाच्या चौकटीपाशी बसलेली आहे. राज्याच्या कारभारात जिचा शब्द चालायचा, तिला आपली शेवटची छबी या चौकटीसोबत हवीशी वाटली, ही गोष्ट मला त्या हत्याराबद्दल पुष्कळ सांगून जाते.

पण दरबारातल्या हौसेनं कला टिकत नसते. ती टिकवणारे पॅरिसमध्ये वेगळे होते. ते संघटित होते, पिढीजात धंदा करत होते आणि आपली गुपितं घरात ठेवत होते. अशाच घरातले शार्ल-जेर्मँ द सँतोबँ. वडील भरतकार, आणि ते स्वतः राजाचे आरेखनकार. 1770 मध्ये त्यांनी 'भरतकाराची कला' हे पुस्तक लिहिलं. पॅरिसची विज्ञान अकादमी त्या काळात एकेका धंद्याचं वर्णन करणारी ग्रंथमाला काढत होती. कोळसा कसा पाडतात, कातडं कसं कमावतात, तसंच भरतकाम कसं करतात. सँतोबँ यांनी चौकट कशी बांधायची इथपासून सोन्याची तार कशी बसवायची इथपर्यंत सगळं चित्रांसह मांडलं. धंद्यातल्या माणसानं धंद्याचा दरवाजा आतून उघडला.

त्या पुस्तकातली नक्षी उतरवण्याची रीत आपल्या बायकांना लगेच ओळखीची वाटेल. कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि वरून पूड घासायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची रेघ. दारात ठिपक्यांची रांगोळी काढताना उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद आपण असाच वापरतो. मुंबईतले जरदोसीचे कारागीर त्याच कागदाला 'खाका' म्हणतात. पॅरिसच्या मोठ्या भरतकामशाळांत आजही हीच रीत चालते. काही गोष्टींची दुरुस्ती करायची गरजच पडत नाही.

एकोणिसाव्या शतकात आकडा लॉरेनच्या खेड्यांत शिरला. तिथे हिवाळा लांब आणि कडक. शेतीची कामं थंडावली की बायका खिडकीपाशी चौकट घेऊन बसायच्या. ल्युनेविलमध्ये जाळीच्या कापडावर, ट्यूलवर, आकड्यानं भरण्याची पद्धत रुळली आणि गावाचं नाव टाक्याला चिकटलं. व्यापारी सूत आणि नक्षी घरोघर वाटायचे, तयार काम गोळा करायचे. आपल्याकडे विड्या वळण्याचं काम घरोघर गेलं, तसंच हे.

मग यंत्रं आली. भरतकामाचं पहिलं यशस्वी यंत्र 1828 च्या सुमारास जोझुए हाइलमान यांनी म्युलूझ शहरात बनवलं. स्वित्झर्लंडमध्ये त्याचे कारखाने उभे राहिले आणि पांढऱ्या भरतकामाचे भाव पडले. 1860 च्या दशकात आंत्वान बोनाझ यांनी आकड्याचा साखळी टाकाच घालणारं यंत्र काढलं. ते पुढे कोर्नेली या नावानं प्रसिद्ध झालं. आता आकड्यानं रेघ काढणाऱ्या बाईला काय किंमत उरली? नेमक्या त्याच दशकात ल्युनेविलच्या लुई फेरी-बॉनशो यांनी आकड्यानं मणी आणि टिकल्या लावायची रीत काढली. दोऱ्यात मणी आधी ओवायचे, कापड उलटं ताणायचं आणि खालून एकेक मणी टाक्यात अडकवत जायचं. यंत्रानं जिथे हाताला गाठलं होतं, तिथून हात एक पाऊल पुढे गेला. या दोन गोष्टी एकाच दशकात घडाव्यात हा नुसता योगायोग मला वाटत नाही. आकड्याला जगायला नवं काम हवं होतं आणि ते त्याला मणी-टिकल्यांत सापडलं.

या रीतीत सगळी गंमत कुठे आहे, ते इथे सविस्तर सांगायलाच हवं.

सुईची मूठ आणि पोलादी आकडा वेगळे असतात. आकडा मुठीत घालून बारीक स्क्रूनं घट्ट करतात. स्क्रू ज्या बाजूला, आकड्याची खाच त्याच बाजूला, अशी जोडणी करायची. एवढंसं वाटतं, पण सगळं त्यावर चालतं. खाच डोळ्यांना दिसत नाही, ती कापडाखाली असते. पण स्क्रू अंगठ्याला लागतो. अंगठा सांगतो की खाच आत्ता कोणत्या दिशेला आहे. टोचताना खाच रेघेच्या पुढच्या दिशेला, दोरा चढवला की अर्धा फेरा, आणि वर येताना खाच मागे. फेरा चुकला तर आकडा कापडात अडकतो, जाळीचा धागा तुटतो, आणि ऑर्गंझाला पडलेलं भोक मिटत नाही. पहिले कित्येक तास टिकली नाही, मणी नाही, फक्त कोऱ्या कापडावर साखळी घालायची. सरळ, मग वळणाची, मग कोनाची. कोनाशी आला की टाका लहान करायचा, नाहीतर टिकली कोपऱ्यावर आडवी पडते.

आपल्या आरीकामात बहुतेक वेळा कापड सुलटं असतं. कारागीर लांब सुईच्या टोकावर मणी उचलून घेतो आणि वरून बसवतो, त्यामुळे प्रत्येक मणी त्याला दिसतो. ल्युनेविलची बाई तो मणी पाहत नाही. ती डाव्या हाताच्या तर्जनीनं मोजते. म्हणून तिचा वेग जास्त, आणि टिकल्यांचं अंतर टाक्याच्या लांबीइतकं एकसारखं. टिकली चार मिलीमीटरची असेल आणि टाका दोन मिलीमीटरचा घातला तर टिकल्या कौलांसारख्या एकमेकींवर चढतात. टाका चार मिलीमीटरचा घातला तर शेजारी शेजारी बसतात. सगळा हिशेब बोटात. कोणती पद्धत श्रेष्ठ हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. सलम्याची, म्हणजे तारेच्या पिळाची, वळणदार फूलपाकळी सुलट्या बाजूनंच खुलते, आणि अख्खा झगा टिकल्यांनी मढवायचा असेल तर उलट्या बाजूला पर्याय नाही.

आणखी एक टाका आहे, त्याचं फ्रेंच नाव 'वर्मिसेल', म्हणजे शेवया. मोकळी जागा भरायची असते, पण पूर्ण झाकायची नसते, तेव्हा रेघ शेवयांसारखी वळवळत न्यायची. तिनं स्वतःला कुठेही ओलांडायचं नाही, दोन रेघा समांतर जाऊ द्यायच्या नाहीत, आणि तरी जागा सारखी भरली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण माणसाचा हात नकळत नक्षी काढू लागतो, लाटा सारख्या येऊ लागतात, आणि शेवयांची ओळ दिसू लागते. मादलेन व्हिओने या शिवणकर्तीचे झगे तिरप्या कापाचे, अंगाबरोबर वाहणारे. त्यांवर सरळ ओळींत टिकल्या लावल्या तर कापड ताठरतं. शेवयांचा टाका कुठल्याच एका दिशेला कापड बांधत नाही, त्यामुळे वाहणं कायम राहतं. पॅरिसच्या लसाज या भरतकाम घराण्यानं तो व्हिओनेसाठी वापरला आणि त्याला नाव मिळवून दिलं.

लसाज घराण्याची सुरुवात दुसऱ्याच नावानं झाली होती. 1858 मध्ये मिशोने यांची भरतकामशाळा पॅरिसमध्ये उघडली. फॅशनचे जनक मानले जाणारे चार्ल्स वर्थ त्यांचे गिऱ्हाईक होते. 1924 मध्ये आल्बेर आणि मारी-लुईझ लसाज यांनी ती विकत घेतली. मुलगा फ्राँस्वा 1929 चा. वडील गेले तेव्हा, 1949 मध्ये, तो विशीचा होता आणि अमेरिकेत हॉलिवूडला भरतकाम करत होता. तो परत आला आणि पुढची साठ वर्षं त्यानं पॅरिसच्या सगळ्या मोठ्या शिवणकारांसाठी काम केलं. 1988 साली ईव्ह सँ-लोराँ यांनी व्हॅन गॉगच्या आयरिसच्या चित्रावरून एक जाकीट केलं. त्या जाकिटावर 22 रंगांच्या सुमारे 2,50,000 टिकल्या, 2,00,000 मणी आणि 250 मीटर फीत आहे. त्याला सुमारे 600 तास लागले. चित्रातला ब्रशचा फटकारा टिकल्यांच्या दिशेनं दाखवला आहे. एकाच रंगाची टिकली तिरपी पडली की तिच्यावरचा उजेड बदलतो, आणि डोळ्याला वाटतं की रंगच बदलला. हे काम कापडाच्या उलट्या बाजूनं, न बघता करायचं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या हातांची ताकद कळते.

या घराण्याची खरी तिजोरी म्हणजे नमुन्यांचा साठा. तळहाताएवढे, रुमालाएवढे, सुमारे 75,000 तुकडे, अगदी मिशोनेंच्या काळापासूनचे. गिऱ्हाइकाला दाखवायला बनवलेले नमुने जपून ठेवले आहेत. जुन्या तुकड्यांत जिलेटिनच्या टिकल्याही असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या फार वापरात होत्या. त्या पाण्यात विरघळतात, उष्णतेनं मऊ पडतात. त्यांनी मढवलेला झगा घालून पावसात जाणं शक्यच नव्हतं.

पण तिजोरीत तुकडे असून भागत नाही. तुकडा कसा केला हे सांगणारा माणूस नसेल तर तो निव्वळ पुरावा ठरतो. 1970 आणि 80 च्या दशकांत पॅरिसच्या भरतकामशाळा एकामागून एक मिटत गेल्या. काम करणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत होत्या आणि मुली या धंद्यात येत नव्हत्या. त्या बायकांना फ्रेंचमध्ये 'पतीत मँ' म्हणतात, म्हणजे छोटे हात. त्यांची नावं कपड्यावर कधीच आली नाहीत. 1992 मध्ये फ्राँस्वा लसाज यांनी आपल्या घराण्याच्या जागेतच शाळा उघडली. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि केवळ हौसेनं येणाऱ्यांसाठीही. जगभरातून लोक येऊ लागले. डॉक्टर, शिक्षिका, निवृत्त झालेल्या आज्या, शिवणकामाचे विद्यार्थी, सगळे एका ओळीत चौकटी लावून बसू लागले.

हा निर्णय मला सँतोबँ यांच्या पुस्तकाइतकाच मोठा वाटतो. धंद्यातला माणूस स्पर्धेला घाबरतो. ज्या हातोटीवर घर चालतं ती परक्याला देताना हात आखडतो. आपल्याकडे कितीतरी विद्या अशाच विझल्या, कारण त्या मुलालाच द्यायच्या, सुनेलाच द्यायच्या, असं ठरलेलं होतं. लसाज यांनी ओळखलं की शिकलेल्या शंभर जणींपैकी चारच जणी धंद्यात आल्या तरी त्या चार जणी मिळतात, आणि उरलेल्या शहाण्णव जणी हे काम पाहायला शिकतात. कपड्याची किंमत का असते ते त्यांना कळतं. 2002 मध्ये शानेल कंपनीनं लसाज घराणं विकत घेतलं. फ्राँस्वा 2011 च्या डिसेंबरात गेले. आता घराणं आणि शाळा दोन्ही पॅरिसच्या उत्तर सीमेवरच्या 'ले 19 एम' या इमारतीत आहेत. वास्तुकार रुडी रिचोटी यांनी तिच्या दर्शनी भागाला पांढऱ्या काँक्रीटचे उभे, पिळदार धागे लावले आहेत. रस्त्यावरून पाहिलं तर इमारत मागावर ताणल्यासारखी दिसते.

शिकवण्याबद्दल फ्रेंच सरकारनं केलेली एक गोष्ट आपण उचलावी अशी आहे. 1994 पासून तिथलं सांस्कृतिक मंत्रालय दुर्मिळ कारागिरीतल्या निवडक लोकांना 'मेत्र दार', म्हणजे कलेचा गुरू, अशी पदवी देतं. अट एकच. गुरूनं तीन वर्षं शिष्य जवळ ठेवून त्याला विद्या द्यायची. नुसता सत्कार, शाल, श्रीफळ नाही. रॉशफोरच्या सोन्याच्या भरतकामाला असा गुरू लाभला, सिल्व्ही देशाँ. तिथल्या कामात सोन्याच्या तारेची अगदी बारीक, पोकळ स्प्रिंग वापरतात. ती हव्या त्या लांबीची कापायची आणि मण्यासारखी सुईवर घेऊन बसवायची. आपल्या जरदोसीवाल्यांच्या पेटीत ती असतेच, 'दबका' नावानं.

पुस्तकांनीही पुष्कळ केलं. ऑस्ट्रियात जन्मलेल्या तेरेझ द दिलमाँ म्युलूझच्या डीएमसी या सूत कंपनीच्या साथीनं काम करू लागल्या. 1886 मध्ये त्यांचा हस्तकलेचा विश्वकोश निघाला. पुढे तो सतरा भाषांत गेला. त्याच डीएमसीच्या लड्या आजही आपल्याकडच्या हौशी बायका जपून वापरतात. सपाट कापडावरचा टाका चित्रावरून शिकता येतो. फ्रेंच नॉट, साखळी, काजाचा टाका, सगळं. आकड्याचं तसं नाही. चित्रात वरचा हात दिसतो, खालच्या हाताची तर्जनी किती दाबते ते दिसत नाही. दोरा किती सैल सोडायचा हे शब्दांत पकडता येत नाही. घट्ट ओढला तर कापड चुणतं, सैल सोडला तर टिकली लोंबते. बाईंनी माझ्या तर्जनीवर आपली तर्जनी ठेवून चौकटीखाली दहा-बारा टाके घातले, तेव्हा मला ते पहिल्यांदा उमगलं. त्याआधी आठवडाभर मी व्हिडिओ पाहत होते.

आणि आता आकडा फिरून आपल्याच किनाऱ्याला लागला आहे. लसाज घराण्यातलेच जाँ-फ्राँस्वा लसाज यांनी 1993 मध्ये चेन्नईत 'वस्त्रकला' नावाची भरतकामशाळा उभी केली. फ्रान्समधल्या जुन्या राजवाड्यांतल्या पडद्यांची, आसनांची कामं तिथे झाली. मुंबईत 1984 मध्ये सुरू झालेली 'चाणक्य' संस्था पॅरिसच्या नामवंत फॅशन घराण्यांसाठी भरतकाम करते. 30 मार्च 2023 च्या संध्याकाळी दिओरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला, तेव्हा कमानीखाली भरतकामाचं भलंमोठं तोरण लटकवलं होतं. घराच्या दाराला लावतो तेच तोरण, पण या दाराच्या मापाचं. ते चाणक्यच्या कारागिरांनी केलं होतं.

मुंबईच्या कारखान्यांत शतकभराचा रिवाज असा, की अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, बसणारे हात पुरुषांचे. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले, उस्तादाकडे लहानपणी शिकलेले. फ्रान्समध्ये हेच काम बायकांचं. चाणक्यनं शहरात बायकांसाठी शाळा काढली आणि अड्ड्यावर मुली बसू लागल्या. 2020 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये दिओरच्या शोसाठी अमेरिकन चित्रकर्त्री ज्युडी शिकागो यांनी आखलेले मोठे पडदे लागले होते. ते या शाळेतल्या विद्यार्थिनींनी भरले होते.

मला याचा आनंद आहे, आणि एक बोचही आहे. कपड्यावरचं लेबल शिवण कुठे झाली ते सांगतं, भरतकाम कुठे आणि कोणी केलं ते सांगत नाही. पॅरिसच्या छोट्या हातांची नावं शंभर वर्षं लेबलवर आली नाहीत. मुंबईच्या हातांबाबत तरी ते बदलावं असं मला मनापासून वाटतं. चित्रपटाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव येतं. सहाशे तास चौकटीवर वाकलेल्या माणसाचं नाव झग्याच्या अस्तरावर एका ओळीत लिहिणं अवघड नाही. आतल्या बाजूला, उलट्या बाजूला, जिथे त्याचं सगळं काम असतं.

शिकायचं असेल तर खर्च फारसा नाही. जाळी किंवा ऑर्गंझा, ताणता येईल अशी पायाची चौकट किंवा टेबलाला अडकवायची गोल रिंग, मूठ, दोन आकडे आणि पॉलिस्टरचा गुळगुळीत दोरा. मुंबई-पुण्यात शिवणसामानाच्या दुकानांत आरीची सुई सहज मिळते. सुरुवातीला तीही चालते. महत्त्वाचं इतकंच की रिंग हातात धरून चालणार नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, कारण एक वर आणि एक खाली काम करणार. कापड ढिलं असेल तर आकडा अडकणारच. म्हणून चौकट बांधायलाच पहिला अर्धा दिवस द्यावा. टिकल्या ओवलेल्या माळेनं घ्याव्यात. सुट्या घेतल्या तर ओवण्यातच संध्याकाळ जाते.

माझी पहिली पूर्ण ओळ झाली, एक वीतभर, थोडी वाकडी. चौकट उलटून पाहिली तर खालून निळ्या टिकल्यांची ओळ माझ्याकडे बघत होती. दोन ठिकाणी टिकली पालथी बसली होती, बाकी सगळं नीट. मी मोबाईल काढायला वळले आणि तेवढ्यात बाईंनी दोऱ्याचं टोक धरलं. शेवटचा टाका बंद करायचा मी विसरले होते. साखळी टाक्याचा हाच स्वभाव. शेवटची गाठ नसेल तर पहिल्या टाक्यापर्यंत सगळं सुटतं. त्यांनी हलकेच ओढलं. साखळी सरसर उसवत गेली आणि टिकल्या चौकटीखाली धरलेल्या ताटलीत पडल्या, एकही हरवली नाही.

"आता कळलं ना शेवट का बांधायचा?" बाई म्हणाल्या. आणि त्यांनी ती ताटली माझ्यापुढे सरकवली, ओवायला.